पाळ बांधून हवा अडवता येईल?

अंतराळात माणसांचे नगर वसवायचे, तर आधी हवा धरून ठेवावी लागेल. पृथ्वीवर हे काम गुरुत्वाकर्षण करते. अंतराळातल्या नगराला मात्र दोनच आधार: भिंत आणि फिरकी.

अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ जेरार्ड ओ'नील यांनी 1970 च्या दशकात 8 किमी व्यासाच्या, 32 किमी लांबीच्या बंद दंडगोलाची कल्पना मांडली. त्याचा आतला पृष्ठभाग सुमारे 800 चौरस किमी, म्हणजे गोंदिया जिल्ह्याच्या सहाव्या-सातव्या हिश्श्याएवढा. दंडगोल फिरला की माती, पाणी, माणसे भिंतीकडे दाबली जातात. पण इथे हवा अडते ती बंद भिंतीमुळेच, कारण मधल्या अक्षावरही दाब जमिनीच्या जवळजवळ 80 टक्के असतो.

भिंतीला भोक पडले तर? एक चौरस मीटरच्या भोकातून सेकंदाला साधारण 200 घनमीटर हवा निसटेल. दंडगोलात हवा आहे 1,600 घन किलोमीटर. एक टक्का हवा जायलाच सुमारे अडीच वर्षे लागतील. याउलट, साधारण हजार घनमीटर हवा असलेल्या आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात एक चौरस सेंटीमीटरच्या भोकातून तेवढाच हिस्सा आठ-दहा मिनिटांत जाईल. नगर जितके मोठे, तितका दुरुस्तीला वेळ जास्त.

आणखी मोठे बांधले, तर छतही लागत नाही. फॉरेस्ट बिशप यांनी 1997 मध्ये मांडलेल्या कड्याची त्रिज्या 1,000 किमी, रुंदी 500 किमी. ते सुमारे 33 मिनिटांत एक फेरी मारते, म्हणून आत पृथ्वीइतके वजन जाणवते. गोंदिया-भंडाऱ्यातल्या मालगुजारी तलावांवर झाकण नसते; पाणी वजनाने खाली राहते आणि पाळ त्याला बाजूंनी अडवते. कड्याच्या दोन्ही काठांना 200 किमी उंच भिंती हेच काम करतात. दर साडेपाच किलोमीटरला हवेचा दाब साधारण निम्मा होत जातो, त्यामुळे भिंतीच्या माथ्यावरून सांडायला हवा जवळपास उरतच नाही.

अडचण आहे साहित्याची. एवढे कडे फिरताना पोलाद स्वतःच्याच ताणाने तुटेल; बिशप यांनी त्यासाठी कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या सुचवल्या. दुसरी अडचण नायट्रोजनची. चंद्राच्या खडकांतून ऑक्सिजन काढता येईल, पण नायट्रोजन तिथे अगदी नगण्य आहे. निसटलेला नायट्रोजन सहज भरून काढता येणार नाही, म्हणून अशा नगरात गळती शोधून बुजवणारी माणसे, शेतकऱ्यांइतकीच, पहिल्या दिवसापासून हवीत.