लाल रेघेतलं सोनं

एचआयव्हीच्या झटपट टेस्टमध्ये जी लालसर रेघ उमटते, ती अनेक किटांत चक्क सोन्याची असते. सोन्याचे कण नॅनोमीटरच्या मापाइतके बारीक केले, की सोनं पिवळं राहतच नाही. प्रकाशातला हिरवा भाग ते गिळतं आणि लाल दिसू लागतं. मायकेल फॅरडेने 1850च्या दशकात असं लाल सोनं बनवलं होतं. त्याच्या बाटल्या लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये ठेवलेल्या आहेत आणि त्यातलं द्रावण आजही लाल आहे.

बोटाला सुई टोचून घेतलेला रक्ताचा थेंब किटच्या खळग्यात पडतो, त्यावर बफरचे एक-दोन थेंब. ओल पट्टीवरून पुढे सरकते आणि वाटेत ठेवलेले सोन्याचे कण सोबत घेते. रक्तात एचआयव्हीविरुद्धच्या अँटिबॉडी असतील, तर त्या एकीकडे कण आणि दुसरीकडे पट्टीवर चिकटवलेले विषाणूचे तुकडे धरतात, आणि ‘टी’ या खुणेपाशी रेघ दिसते. नसतील तर कण तिथे न थांबता पुढे ‘सी’पर्यंत जातात. ‘सी’ची रेघ सांगते, की पट्टी व्यवस्थित चालली. वीसेक मिनिटांचं काम. पण ती मिनिटं आयसीटीसीच्या बाहेर बाकड्यावर बसून काढणाऱ्याला विचारा!

आयसीटीसी म्हणजे सरकारी दवाखान्यातलं मोफत तपासणी आणि समुपदेशनाचं केंद्र. तिथल्या समुपदेशकांना एक चेहरा चांगला ओळखीचा असतो. कंडोम होता, फाटला नव्हता. किंवा फक्त चुंबन, हाताचा स्पर्श, फार तर मुखमैथुन. तरी झोप उडालेली. “मॅडम, मागच्या महिन्यात निगेटिव्ह आली, पण किट जुनं असेल तर?” मॅडम तारीख दाखवतात. तो मान हलवतो, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा येतो.

या माणसाला हसू नये. त्याला आधी सांगायला हवं, की लागण करणं या विषाणूला किती अवघड जातं. एचआयव्ही मिलिमीटरच्या सुमारे दहा हजाराव्या भागाएवढा. त्याचं वरचं आवरण चरबीचं आणि नाजूक. धड असलेल्या त्वचेतून त्याला आत शिरता येत नाही, लाळेत तो तग धरत नाही, डासाच्या पोटात वाढत नाही. आत शिरला तरी त्याला ठरावीक पेशीच लागते, जिच्या पृष्ठभागावर सीडी4 नावाचं प्रथिन आहे. वाटेत चिकट स्राव त्याला अडवतो. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात विषाणूंच्या जनुकांची वंशावळ मागे नेत नेत पाहिली, तेव्हा लैंगिक संबंधांतून लागण झालेल्या बहुतेकांच्या शरीरातले सगळे विषाणू एकाच पूर्वजाचे निघाले. असंख्यांमधून एक पार झाला होता.

म्हणून आकडे ऐकणाऱ्याला खोटे वाटतात. जोडीदाराला एचआयव्ही आहे, औषधं सुरू नाहीत आणि कंडोमही नाही, असं धरूनही अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेचा अंदाज योनीसंबंधात दहा हजार वेळांमागे पुरुषाला सुमारे 4 आणि स्त्रीला सुमारे 8 लागणी असा आहे. गुदसंबंधात स्वीकारणाऱ्याला तो 138वर जातो, तेव्हा सगळं एका मापाने मोजू नये. मुखमैथुनाचा धोका इतका कमी, की त्याला नीट आकडाही देता येत नाही. या सरासऱ्या आहेत हे मात्र खरं. जोडीदाराची लागण अगदी ताजी असेल, किंवा जखम अथवा दुसरा गुप्तरोग असेल, तर धोका वाढतो. कंडोम खिशातच ठेवण्याची परवानगी या आकड्यांनी कुणाला दिलेली नाही. उलट जोडीदार औषधं नीट घेत असेल आणि रक्तात विषाणू सापडत नसेल, तर संबंधातून लागण होत नाही. युरोपातल्या ‘पार्टनर’ अभ्यासात अशा जोडप्यांचे कंडोमविना सुमारे 58 हजार संबंध नोंदले गेले. जोडीदाराकडून झालेल्या लागणी निघाल्या शून्य.

आता प्रश्न वाट पाहण्याचा. लोकांना वाटतं, विंडो पीरियड, म्हणजे लागण होऊनही टेस्टला ती न दिसण्याचा काळ, हा टेस्टचा दुबळेपणा. मला तो शरीराच्या थक्क करणाऱ्या कामाचा हिशेब वाटतो. ही झटपट टेस्ट विषाणू शोधतच नाही, ती शरीराने विषाणूला दिलेलं उत्तर वाचते. हे उत्तर तयार कसं होतं? आपल्या बी पेशी जनुकांचे तुकडे उलटसुलट जोडून अगणित आकारांच्या अँटिबॉडी आधीपासून तयार ठेवतात, कधी न भेटलेल्या शत्रूंसाठीसुद्धा. हे कोडं उलगडल्याबद्दल सुसुमू तोनेगावांना 1987चं नोबेल मिळालं. विषाणू आला, की नेमकी जुळणारी पेशी निवडली जाते, ती वाढते आणि अँटिबॉडीची पातळी टेस्टला दिसेल इतकी चढते. याला आठवडे लागतात. म्हणून बोटातल्या रक्ताची अँटिबॉडी टेस्ट 23 ते 90 दिवसांत लागण पकडते, तर शिरेतल्या रक्तावरची, विषाणूचं पी24 प्रथिनही शोधणारी टेस्ट 18 ते 45 दिवसांत. विषाणूचं आरएनए शोधणारी टेस्ट त्याहून लवकर, पण पहिले दहाएक दिवस तिलाही काही दिसत नाही. तिसऱ्या दिवशी केलेली टेस्ट म्हणूनच निरर्थक असते. ती निगेटिव्ह आली म्हणून सुटलो असंही नाही आणि अडकलो असंही नाही.

मग एवढी भीती येते कुठून? भारतातल्या पहिल्या लागणी 1986 साली मद्रासमध्ये सापडल्या. डॉ. सुनीती सॉलोमन यांच्या मार्गदर्शनाखाली निर्मला सेल्लप्पन या विद्यार्थिनीने नमुने गोळा केले, आणि मद्रासमध्ये सोय नसल्याने ते वेल्लोरला नेऊन तपासले. सुनीतीबाई माहेरच्या गायतोंडे, मद्रासमध्ये स्थायिक झालेल्या मराठी घरातल्या. तेव्हा या रोगावर एकही औषध नव्हतं. भीती आपल्याकडे आली ती त्या वर्षांची, आणि अजून तशीच आहे. आज सरकारी एआरटी केंद्रांत औषधं मोफत मिळतात, ती वेळेवर सुरू केली तर माणूस जवळजवळ पूर्ण आयुष्य जगतो. मनातलं कॅलेंडर मात्र पुढे सरकत नाही.

त्यात भीती स्वतःच लक्षणं तयार करते. ॲड्रेनालिन वाढलं की घाम येतो, छाती धडधडते, पोट बिघडतं, तोंड कोरडं पडतं. मग आरशासमोर मोबाईलचा टॉर्च लावून जिभेवरचा पांढरा थर तपासायचा, काखेतली गाठ दिवसातून वीसदा चाचपायची. इतकं दाबल्यावर ती जागा दुखणारच, आणि दुखली की पुरावा मिळाला! ताप, घसा, पुरळ अशी सुरुवातीची लक्षणं एचआयव्हीत होतात खरी, पण डझनभर साध्या आजारांतही होतात. लक्षणांवरून निदान डॉक्टरही करत नाहीत.

पुन्हा पुन्हा टेस्ट करणं हे कुलूप लागलंय का म्हणून जिन्यावरून चार-चारदा परत येण्यासारखं आहे. रिपोर्ट हातात आला की हलकं वाटतं, पण ते हलकेपण दर खेपेला लवकर ओसरतं, कारण मन शंभर टक्के मागतं आणि कुठलीच टेस्ट ते लिहून देत नाही. टेस्ट जे देते, ते हिशेबाने पाहा. दहा हजार माणसांत वीस जणांना लागण आहे आणि टेस्ट निरोगी माणसांत शंभरात एकदा चुकते, असं धरू. मग शंभरेक निरोगी माणसं उगाच ‘रिॲक्टिव्ह’ निघतील. म्हणूनच आपल्याकडे पहिल्या टेस्टवर कुणाला पॉझिटिव्ह ठरवत नाहीत, वेगवेगळ्या तीन किटांनी खात्री करतात. पण मुदत उलटल्यावर आलेल्या निगेटिव्हचं गणित अगदी उलट. उरलेल्या सुमारे 9,880 जणांत चुकून सुटलेला क्वचितच कुणी असेल. धोका मुळात कमी असेल तर तेवढाही नाही.

तेव्हा करायचं इतकंच. धोका खरोखर असेल आणि 72 तास उलटले नसतील, तर आजच डॉक्टरांना गाठा. लागण टाळण्यासाठीच्या 28 दिवसांच्या गोळ्यांचा निर्णय त्यांचा. तेवढा धोका नसेल किंवा ते 72 तास उलटून गेले असतील, तर तीन महिन्यांनंतरची एक तारीख ठरवा, आयसीटीसीत एकदा टेस्ट करा आणि नवा प्रसंग घडल्याशिवाय पुन्हा करू नका. तिथे तुमची संमती आणि गोपनीयता 2017च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने राखलेली आहे. शंका असेल तर 1097 या एचआयव्हीच्या मोफत हेल्पलाइनवर विचारा. आणि निगेटिव्ह रिपोर्टनंतरही झोप लागत नसेल, तर चौथी लॅब शोधू नका, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416वर फोन करा.