आपलं होमपेज, भाड्याचा गाळा

आजचा विषय स्वतःच्या हाताने मांडलेल्या होमपेजचा आहे. दापोड्यात बोलतोय, तर उदाहरणही गोदामाचंच घेऊ. सकाळी गाळ्याच्या ऑफिसात कॉम्प्युटर सुरू झाला की ऑपरेटर काय काय उघडतो? ई-वे बिलाची साइट, मेल, ट्रान्सपोर्टवाल्याची गाडी कुठे पोचली ते सांगणारं पान, पावसाळ्यात हवामान, आणि मध्येच वर्तमानपत्र. पाच-सहा पत्ते, रोज तेच. हे सगळं एकाच पानावर, आपल्या क्रमाने लावून ठेवलं तर? पानावर खण पाडायचे, एका खणात हवामान, दुसऱ्यात बातम्या, तिसऱ्यात आजच्या कामांची यादी. या एकेका खणाला विजेट म्हणतात.

आता नीट लक्ष द्या. खण आपला असला तरी त्यातला माल दुसऱ्याचा असतो. बातम्यांची साइट आपल्या पानाशेजारी एक साधी फाइल ठेवते. तिच्यात मथळा, दुवा, तारीख एवढंच असतं. आपलं होमपेज ठरावीक वेळाने तिथे जाऊन ती फाइल वाचतं आणि खण भरतं. या फाइलीला आरएसएस म्हणतात. मार्च १९९९ मध्ये नेटस्केप कंपनीत ती तयार झाली, आणि तीही याच कामासाठी, त्यांच्या 'माय नेटस्केप' या होमपेजचे खण भरायला. ती घडवणाऱ्यांत रामनाथन गुहा होते, आयआयटी मद्रासमध्ये शिकलेले.

ज्या साइटकडे अशी फाइल नाही, तिचा जिवंत खण होत नाही, नुसता दुवा ठेवता येतो. ई-वे बिलाचंही दुव्यावरच भागवायचं. लॉगिन लागणाऱ्या बहुतेक साइट स्वतःला दुसऱ्याच्या पानात दाखवूच देत नाहीत. कारण सरळ आहे: वर न दिसणारा थर टाकून कुणी तुमच्याकडून भलतंच बटण दाबून घेऊ शकतो. तेव्हा ही अडचण नव्हे, राखण आहे.

मराठीची आणखी एक भानगड होती. सुरुवातीच्या काळात आपली बरीच वर्तमानपत्रं इंटरनेटवर स्वतःचा वेगळा फॉन्ट वापरायची. तो उतरवून घेतला की त्यांच्या साइटवर मराठी झकास दिसायचं, पण आत साठवलेली असायची भलतीच चिन्हं. मथळा उचलून आपल्या खणात आणला की फॉन्ट मागेच राहायचा आणि इथे नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून होती. आपली वर्तमानपत्रं तिच्याकडे वळली तेव्हा कुठे मराठी खण वाचता येऊ लागला. आमच्या मते खरा फरक तिथे पडला. विजेटच्या रंगीबेरंगी सजावटीचं कौतुक उगाच जास्त झालं.

गूगलने मे २००५ मध्ये असं होमपेज दिलं, २००७ मध्ये त्याचं नाव आयगूगल झालं. त्याच सुमाराला पॅरिसमध्ये तारिक क्रिम यांनी नेटव्हाइब्ज काढलं. लोकांनी हौसेने पानं सजवली. मग जुलै २०१२ मध्ये गूगलने कळवलं की आयगूगल बंद होणार, आता फोनवर आणि ब्राउझरमध्ये ॲप आहेत, याची गरज उरली नाही. १ नोव्हेंबर २०१३ ला ते बंद झालं. सोळा महिन्यांची नोटीस, म्हणजे तशी बरीच म्हणायची. गूगल रीडरला मात्र चारही महिने मिळाले नाहीत. मार्च २०१३ मध्ये घोषणा, १ जुलैला कुलूप. ज्यांनी आपली यादी फाइलमध्ये उतरवून घेतली, त्यांनी ती दुसरीकडे चढवली आणि काम चालू ठेवलं. बाकीचे आठवून आठवून पत्ते जमवत बसले.

गाळा भाड्याचा असतो हे भिवंडीत कुणाला सांगायला नको. मालक म्हणाला खाली करा, तर करावा लागतो. पण मालाची यादी तुमच्या रजिस्टरात असेल तर उद्या दुसऱ्या गाळ्यात माल लावता येतो. इथेही तेच. आरएसएसच्या यादीची फाइल काढून घेता येते, तिला ओपीएमएल म्हणतात. ब्राउझरमधले बुकमार्कसुद्धा एका एचटीएमएल फाइलमध्ये निघतात, आणि ती फाइल कुठल्याही कॉम्प्युटरवर, इंटरनेट नसलं तरी, उघडते. दर दोन-तीन महिन्यांनी ही फाइल पेन ड्राइव्हवर टाकून ठेवा. खरं तर पाच-सहा दुवेच हवे असतील तर तीच फाइल होमपेज म्हणून लावा, कुठल्याही कंपनीचं खातं उघडायची गरज नाही.

एक राहिलं. गाळ्यातला कॉम्प्युटर दोन पाळ्यांत चार माणसं वापरतात. त्या पानावर मेलचा खण ठेवू नका. पान उघडं राहिलं की रात्रपाळीवाल्याला तुमच्या पत्रांचे विषय आयते वाचायला मिळतात. हवामान, बातम्या, दुवे एवढंच सामायिक ठेवा, मेल आपापल्या फोनवर बघा.