पाषाणाची माती आणि मातींतील चुनखडी

विहीर खणतांना सांगोला तालुक्यांतील शेतकऱ्यानें हा क्रम अनेकदां पाहिला असेल: वर माती, तिच्याखालीं मुरूम आणि अखेरीस सुरुंगावांचून न फुटणारा काळा पाषाण. हे तीन निरनिराळे पदार्थ दिसतात खरे; परंतु मूळ वस्तु एकच आहे. सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वींच्या लाव्हारसाचा हा पाषाण असून भूगर्भशास्त्रज्ञ त्यास बेसाल्ट म्हणतात. त्याची माती करण्याचें काम मुख्यतः एक अति सौम्य आम्ल करीत असतें.

पावसाचें पाणी खालीं येतांना हवेंतील कर्बाम्लवायु शोषून घेतें व किंचित् आम्ल बनतें. तें इतकें सौम्य असतें कीं जिभेस कळत नाहीं. परंतु जमिनींत शिरल्यावर त्याचें बळ वाढतें. मुळ्यांच्या श्वसनानें व पालापाचोळा कुजल्यानें मातींतील हवेंत हा वायु बाहेरच्यापेक्षां दसपट ते शंभरपट असतो. खडकावरील दगडफूलही स्वतःचीं आम्लें सोडून पाषाण पोखरतें.

हें पाणी भेगांतून शिरलें कीं पाषाणांतील फेल्स्पार नांवाच्या खनिजांतून चुना व सोडियम विरघळवून नेतें आणि मागें चिकणमाती उरते. लोहास गंज चढतो, म्हणून मुरूम तांबूस दिसतो. कोपऱ्यांस पाणी अनेक बाजूंनीं लागतें, त्यामुळें ते आधीं झिजतात. मुरमांत कांद्याप्रमाणें पापुद्रे सुटणारे गोल धोंडे सांपडतात ते याच कारणानें.

विरघळलेल्या चुन्याचें पुढें काय होतें, हें पावसावर अवलंबून आहे. महाबळेश्वराचा डोंगर याच पाषाणाचा. पण तेथें वर्षाकाठीं ५,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. त्या पाण्यानें चुना तर गेलाच, सिलिकाही बहुतांश गेली, आणि वर लोह व अल्युमिनियम यांचा जांभा उरला. सांगोल्यास पाऊस सरासरीनें ५०० मिलिमीटरांच्या आसपास. येथें पाणी चुना सोडवितें, परंतु वाहून नेण्यापूर्वींच वाळून जातें. कर्बाम्लवायु उडतो आणि चुना खड्यांच्या रूपानें मातींत बसतो. हीच आपली चुनखडी. खडा कुटून त्यावर लिंबाचा रस पिळावा, बुडबुडे येतील. चुन्यांत बद्ध झालेला तोच वायु मोकळा होतो.

प्रस्तुत लेखकाचें आयुष्य महसुली दप्तरांत गेलें. तेथें चुनखडीची दखल जुनी आहे. मुंबई इलाख्याच्या पाहणीसाठीं १८४७ सालीं ठरलेल्या नियमांत चुनखडीचें मिश्रण हा जमिनीचा दोष गणला असून त्यायोगें प्रत एका पायरीनें उतरे. आज डाळिंबाच्या बागाइतदारास तोच दोष निराळ्या रूपानें भेटतो. चुना अधिक असला कीं मातींतील लोह मुळ्यांस मिळेनासें होतें. शिरा हिरव्या राहून कोंवळें पान पिवळें पडतें.

यावर जमिनींत आम्ल सोडून चुना काढावा, असा सल्ला कित्येक देतात. ठिबकाच्या तोट्यांत बसलेला चुना आम्लानें निघतो, कारण तो थोडा असतो. (तेथेंही आम्ल पाण्यांत ओतावें, आम्लांत पाणी कधींही ओतूं नये.) शेताचा हिशेब मात्र वेगळा. एका एकरांतील अर्धा फूट माती सुमारें ९०० टन भरते. तींत शेंकडा एकच भाग चुना धरला तरी तो ९ टन होतो, व तो विरघळविण्यास जवळजवळ तितकेंच गंधकाम्ल लागेल. आपल्या कित्येक जमिनींत चुना याहून पुष्कळ अधिक असतो. असा खर्च कोणत्या बागेस परवडेल?

म्हणून बाग लावण्यापूर्वीं तीन-चार फूट खड्डा घेऊन चुनखडीचा थर किती खोल आहे तें पाहावें व माती तपासून घ्यावी. थर उथळ व घट्ट असल्यास ती जागा बागेसाठीं टाळावी. लागवड झालेली असल्यास शेणखत व ताग-धैंचाचें हिरवळीचें खत नियमानें द्यावें. तें कुजतांना मुळ्यांभोंवतीं सौम्य आम्लें उत्पन्न होतात व लोह मुळ्यांस मिळूं लागतें. सर्व चुना जाणार नाहीं, पण झाडाचें भागेल. आणि बांध दुरुस्त ठेवावे. जी माती पाषाणांतून निघण्यास हजारों वर्षें लागलीं, ती एका वळवानें माणगंगेस जाऊं देऊं नये.