तोंडाची स्वच्छता हाही उपचारच

कॅन्डिडा ही बुरशी अनेक निरोगी माणसांच्या तोंडातही असते. अँटिबायोटिक्स, दम्याचे स्टेरॉइड पंप, मधुमेह आणि कोरडं पडलेलं तोंड यांमुळे इस्पितळातल्या वृद्धांमध्ये तिचं फावतं. जिभेवरचा दह्यासारखा पांढरा थर पुसला की खाली लालभडक भाग दिसतो. कवळीखाली मात्र अनेकदा नुसती लाली असते आणि कवळी काढून पाहिल्याशिवाय ती कळतच नाही. चव जाते, गिळताना दुखतं, जेवण तुटतं, अशक्तपणा वाढतो.

कॅन्डिडामुळे न्यूमोनिया क्वचितच होतो, मग तोंडाची एवढी उठाठेव कशाला, असा आक्षेप घेतला जातो. तो अर्धाच खरा आहे. त्याच अस्वच्छ तोंडातले जिवाणू लाळेबरोबर फुप्फुसात उतरतात. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, जपानमधल्या ११ वृद्धाश्रमांत नियमित मौखिक निगा मिळालेल्या गटात दोन वर्षांत ११ टक्के, तर इतरांत १९ टक्के जणांना न्यूमोनिया झाला. तो इस्पितळातला अभ्यास नव्हता, हे मान्य. पण अंथरुणाला खिळलेल्या आजारी माणसाचा धोका इस्पितळात कमी कसा होईल? म्हणून रात्री कवळी काढून घासणं, पंपानंतर चूळ भरायला लावणं या गोष्टी परिचारिकेच्या तक्त्यात औषधांच्या रांगेतच लिहिल्या जायला हव्यात.