एका दिवसात दोन हजार मीटर : इन्सब्रुकची सहल

इन्सब्रुक हे नाव तुमच्यापैकी काहींनी हिवाळी ऑलिंपिकच्या संदर्भात वाचले असेल. १९६४ आणि १९७६ अशा दोन वेळा हे सामने तेथे भरले होते. ऑस्ट्रिया देशाच्या टिरोल प्रांताची ही राजधानी. आल्प्स पर्वताच्या रांगांमध्ये, इन नावाच्या नदीच्या काठी ती वसलेली आहे. इन्सब्रुक म्हणजे ‘इन नदीवरचा पूल’. शहराची समुद्रसपाटीपासूनची उंची ५७४ मीटर. मात्र शहराच्या उत्तरेकडे नॉर्डकेटे नावाची चुनखडीची भिंत जणू गल्लीच्या टोकाशीच उभी आहे. या भिंतीवरील हाफेलेकार शिखर २,३३४ मीटर उंच आहे. आपले कळसूबाई १,६४६ मीटर आहे, हे ध्यानात घ्या म्हणजे अंदाज येईल.

या भिंतीवर जाण्यासाठी पाळण्यांची सोय आहे, आणि वाटेतच केवळ आल्प्समधील प्राणी पाळणारे एक प्राणिसंग्रहालय आहे. दोन्ही गोष्टी एका दिवसात पाहता येतात. पण कोणती आधी व कोणती नंतर? हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. त्याचे उत्तर द्यायचे तर थोडे पदार्थविज्ञान, थोडे हवामानशास्त्र आणि थोडे प्राणिशास्त्र हाताशी हवे. तेव्हा आपण ही सहल कागदावरच आखून पाहू.

पहिला टप्पा हुंगरबुर्ग गाडीचा. ही हवेत लोंबकळणारी नव्हे, तर रुळांवरून दोराने ओढली जाणारी गाडी आहे. नाशिकजवळ सप्तशृंगी गडावर २०१८ मध्ये सुरू झालेली फ्युनिक्युलर ट्रॉली ज्यांनी पाहिली असेल त्यांना ही कल्पना चटकन समजेल. पहिली हुंगरबुर्ग गाडी १९०६ साली धावू लागली. आजची गाडी २००७ सालची असून तिची स्थानके झाहा हदीद या प्रसिद्ध स्त्री-वास्तुविशारदाने आखली आहेत. काचेची ती छपरे गोठलेल्या बर्फासारखी दिसतात. गाडी शहराच्या मध्यातून भुयारातून निघते, पुलावरून इन नदी ओलांडते आणि मग डोंगराला भिडते. येथे एक गंमत आहे. चढ सुरू झाला की गाडीचा सांगाडा तिरपा होतो, पण प्रवाशांचे डबे त्या सांगाड्यात वेगवेगळे बसविलेले असल्याने ते चढाप्रमाणे फिरतात व त्यांची जमीन आडवीच राहते. हातातल्या पेल्यातले पाणी सांडत नाही!

हुंगरबुर्ग येथे, सुमारे ८६० मीटर उंचीवर, गाडी सोडून आपण खऱ्या पाळण्यात बसतो. हा मार्ग १९२७–२८ मध्ये बांधला गेला आणि पुढे त्याचे नूतनीकरण झाले. पहिला पाळणा १,९०५ मीटर उंचीवरील झेग्रूबे स्थानकापर्यंत नेतो, दुसरा तेथून २,२५६ मीटरवरील हाफेलेकार स्थानकापर्यंत.

पाळणा वर कसा जातो? जाड पोलादी दोर हा त्याचा रूळ असतो. त्यावर पाळण्याची चाके धावतात. दुसरा, तुलनेने बारीक दोर पाळण्याला ओढतो. हुंगरबुर्ग ते झेग्रूबे या टप्प्यात दोन पाळणे असतात आणि एक वर जातो तेव्हा दुसरा खाली येतो. आडावरच्या रहाटाला दोन घागरी बांधल्या तर भरलेली घागर वर ओढताना रिकामी घागर तिच्या वजनाने मदत करते, तसेच हे आहे. समजा, माणसांनी भरलेला पाळणा १० टनांचा आहे व खाली येणारा, अर्धवट भरलेला पाळणा ८ टनांचा. घर्षण सोडून दिले, तर मोटारीला फक्त २ टनांचा फरक उचलावा लागेल. दोन्ही स्थानकांच्या उंचीतील अंतर १,०४५ मीटर. म्हणजे लागणारी ऊर्जा २,००० × ९.८ × १,०४५, सुमारे २ कोटी ज्यूल. विजेच्या भाषेत सांगायचे तर पावणेसहा युनिटांच्या आसपास. जोडीचा पाळणा नसता तर हाच आकडा २८ युनिटांपर्यंत गेला असता. (हे टनांचे आकडे हिशेबासाठी धरलेले आहेत, उंची मात्र खरी आहे.)

आता एक प्रश्न तुम्हीच सोडवा. सकाळी सगळे वर जातात, संध्याकाळी सगळे खाली येतात. संध्याकाळी भरलेला पाळणा खाली येताना रिकामा वर जातो, तेव्हा मोटार काय करीत असेल? ओढण्याऐवजी तिला रोखून धरावे लागते. आणि विजेच्या मोटारीला असे उलटे फिरवले की ती जनित्र बनते.

वर जाताना कानात दडे बसतील. आवंढा गिळा, दडा सुटेल. शहरात हवेचा दाब साधारण ९४६ मिलिबार असतो, हाफेलेकार स्थानकावर तो ७७० मिलिबारच्या जवळपास. म्हणजे अर्ध्या तासाच्या आत आपण जवळजवळ एक पंचमांश हवा पायाखाली टाकतो. वर पाणी १०० अंशांऐवजी ९२–९३ अंशांवरच उकळते. हवा दर किलोमीटरला सरासरी साडेसहा अंशांनी थंड होत असल्याने शहरात २५ अंश असतील तर वर १४ अंश. वारा असेल तर त्याहूनही गार वाटेल. जुलैतसुद्धा स्वेटर न्यावा तो यासाठी. हवेचा थर पातळ झाल्याने जंबुपार किरण अधिक पोचतात. थंडी वाजत असतानाच कातडी भाजते!

वारा हा या सहलीचा खरा मालक आहे. इन्सब्रुकला ‘फॉन’ नावाचा दक्षिणेकडचा वारा प्रसिद्ध आहे. दक्षिणेकडची हवा आल्प्सवर चढते, थंड होते, तिच्यातले बाष्प पाऊस होऊन पडते. बाष्पाचे पाणी होताना उष्णता बाहेर पडते, म्हणून अशी ढगाळ हवा चढताना किलोमीटरला सहा अंशांच्या आसपासच थंड होते. पण कोरडी झालेली हवा पलीकडे उतरताना किलोमीटरला दहा अंशांनी तापते. करून पाहा : ५०० मीटरवर २० अंशांची हवा, १,००० मीटरपर्यंत कोरडी (१५ अंश), तेथून ३,००० मीटरपर्यंत ढगाळ (३ अंश), आणि मग ६०० मीटरपर्यंत कोरडी उतरली तर २७ अंश! निघाली त्यापेक्षा सात अंश उष्ण. सह्याद्रीच्या कोकणबाजूला पाऊस पडून देशावर कोरडी हवा उतरते, त्याच कुळातली ही गोष्ट. मात्र दर वेळी दक्षिणेला पाऊस पडलाच पाहिजे असे नाही. वरच्या थरातली हवाच डोंगरावरून खाली घसरली तरी फॉन वाहतो. ब्रेनर खिंडीतून तो सरळ शहरावर येतो. फॉनच्या दिवशी आकाश स्वच्छ, डोंगर हाताला लागतील असे जवळ दिसतात, आणि नेमके त्याच दिवशी वाऱ्यामुळे पाळणे बंद असू शकतात. म्हणून घरातून निघण्यापूर्वी वाऱ्याचा अंदाज पाहणे अगत्याचे. एरवी उन्हाळ्यात दुपारी तापलेल्या उतारांवर ढग जमून गडगडाट होतो. यावरून आपला अर्धा निर्णय झालाच : शिखर सकाळी.

हाफेलेकार स्थानकापासून शिखर पाऊण शेकडा मीटरच वर आहे. पंधरा-वीस मिनिटांची पायवाट. दक्षिणेकडे पायाशी शहर, समोर मध्य आल्प्सची हिमाच्छादित शिखरे. उत्तरेकडे वळा आणि माणसाची वस्ती नाहीशी होते. कार्वेंडेल पर्वताचे करडे चुनखडीचे सुळके फक्त. हा खडक वीस कोटी वर्षांहून अधिक जुन्या उथळ समुद्रात तयार झाला. पिवळ्या चोचीचे काळे कावळे घिरट्या घालीत असतील. आल्पाइन चफ नावाचा हा पक्षी आपल्या हिमालयातही आहे.

या ठिकाणी आणखी एक गोष्ट आहे, आणि माझ्या मते सगळ्या सहलीत तीच सर्वांत मोलाची. व्हिक्टर हेस या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने १९१२ साली फुग्यातून उड्डाणे केली. विद्युतभारित उपकरण बंद पेटीतही हळूहळू भार गमावते, ते जमिनीतील किरणोत्सर्गामुळे, असा त्या वेळी समज होता. मग वर जाता जाता हा परिणाम कमी व्हायला हवा. ७ ऑगस्ट १९१२ रोजी हेस पाच हजार मीटरांच्या वर गेला, आणि त्याला आढळले की परिणाम प्रथम किंचित कमी होऊन नंतर वाढतच जातो. किरण वरून येत होते! त्याच वर्षी एप्रिलमध्ये खंडग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी उड्डाण करून ते सूर्याकडून येत नाहीत हेही त्याने पाहिले होते. हेच विश्वकिरण. फुगा काही तासांत खाली येतो; महिनोन् महिने निरीक्षण करायचे तर उंचावर पक्की जागा हवी. हेस इन्सब्रुकला प्राध्यापक झाल्यावर १९३१ साली त्याने हाफेलेकारवर विश्वकिरणांचे निरीक्षण केंद्र काढले. पाळणा नुकताच झाला होता, म्हणून जड उपकरणे वर नेता आली. १९३६ साली हेसला नोबेल पारितोषिक मिळाले.

पुढच्याच वर्षी मारिएटा ब्लाउ आणि हेर्टा वाम्बाखर या व्हिएन्नाच्या दोन संशोधिकांनी येथे ठेवलेल्या छायाचित्रणाच्या काचा धुऊन तपासल्या. काचा सुमारे पाच महिने नुसत्या पडून होत्या. त्यांवर एका बिंदूतून फुटलेल्या रेषांच्या चांदण्या उमटल्या होत्या. विश्वकिरणातील कणाने अणुकेंद्रकाच्या ठिकऱ्या उडविल्याचे ते चित्र होते. ब्लाउ ज्यू असल्याने १९३८ मध्ये तिला देश सोडावा लागला. त्याच वर्षी हेसनेही सोडला. असेच तंत्र वापरून आपल्याकडे देवेंद्रमोहन बोस व बिभा चौधुरी यांनी दार्जिलिंग परिसराच्या उंचीवर काचा ठेवून संशोधन केले. बिभा चौधुरी पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत दाखल झाल्या.

आता खाली. दुपारचे जेवण झेग्रूबेला करा, पाळण्याने हुंगरबुर्ग गाठा आणि रुळांच्या गाडीने फक्त एक स्थानक उतरा : आल्पेनत्सो. जर्मन भाषेत आल्प्सचे प्राणिसंग्रहालय. सुमारे ७५० मीटर उंचीवरील हे संग्रहालय हान्स प्सेनर यांनी १९६२ साली स्थापन केले. येथे सिंह नाही, हत्ती नाही. आल्प्समध्ये आज राहणारे किंवा पूर्वी राहिलेले प्राणी तेवढे ठेवायचे, हा नियम. अस्वल, लांडगा, लिंक्स, पाणमांजर, बायसन, आल्प्सच्या नद्यांमधील मासे. प्राणी भर दुपारी झोपतात हे खरे. म्हणून तीननंतर जाणे बरे. उतारावरच्या वाटांनी पाय दुखतील, पण येथे दोन प्राणी सावकाश पाहण्यासारखे आहेत.

पहिला आयबेक्स, मोठ्या वाकड्या शिंगांचा रानबोकड. खुराची कडा कठीण, आतली गादी मऊ. म्हणून तो उभ्या कड्यावर पाय रोवतो. शिकारीमुळे एकोणिसाव्या शतकात सगळ्या आल्प्समध्ये इटलीतील ग्रान पारादीझो भागात तेवढे आयबेक्स उरले, सुमारे शंभर. तो भाग इटलीच्या राजाचे राखीव शिकारक्षेत्र झाला, म्हणून ते वाचले. स्वित्झर्लंडला आपल्या डोंगरांत ते परत हवे होते, राजा विकेना. तेव्हा १९०६ साली काही पिल्ले चक्क चोरट्या मार्गाने सीमेपार आणली गेली व सेंट गॅलनच्या प्राणिउद्यानात वाढवली गेली! आज आल्प्समध्ये आयबेक्सांची संख्या काही दहा-हजारांत आहे. पण ती सगळी त्या मूठभर प्राण्यांची संतती. त्यामुळे त्यांच्यात आनुवंशिक विविधता फार थोडी आहे, आणि एखाद्या नव्या रोगापुढे हे दुबळेपण ठरू शकते.

दुसरे दाढीवाले गिधाड. हे आपल्या हिमालयातही आढळते. पंखांचा विस्तार अडीच मीटरांहून अधिक. त्याचे मुख्य अन्न हाडे. मोठे हाड तो उंचावरून खडकावर टाकून फोडतो. तुकडे जठरातील तीव्र आम्लात विरघळतात. छातीचा तांबूस रंग जन्माचा नव्हे. लोहयुक्त चिखलात अंग माखून तो येतो. हे गिधाड कोकरे पळवते अशी लोकांची खात्री होती, त्यामुळे मारणाऱ्यास बक्षिसे मिळत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीस आल्प्समधून ते नाहीसे झाले. १९७० च्या दशकात या संग्रहालयात त्यांची पिंजऱ्यात पैदास यशस्वी झाली. अडचण अशी की मादी बहुधा दोन अंडी घालते आणि आधी जन्मलेले पिल्लू धाकट्याला मारून टाकते. म्हणून धाकट्याला वेळीच वेगळे करून वाढवावे लागते. १९८६ साली ऑस्ट्रियाच्या राउरिस खोऱ्यात पहिली चार पिल्ले मोकळी सोडली गेली. त्यानंतर निसर्गात पहिले पिल्लू वाढले ते १९९७ साली, फ्रान्समध्ये. अकरा वर्षे वाट पाहावी लागली, कारण हा पक्षी वयात यायलाच पाच-सात वर्षे घेतो. आज आल्प्सवर पुन्हा शेकडो गिधाडे उडत आहेत.

शिक्षकांसाठी एक सूचना. हाफेलेकार स्थानकावर एक लिटरची प्लास्टिकची रिकामी बाटली घट्ट बूच लावून बंद करावी आणि मुलांच्या हाती द्यावी. शहरात पोचेपर्यंत ती आपोआप चेपत जाईल. नुसत्या दाबाचा हिशेब केला तर आतील हवेने ८१४ घनसेंटिमीटर जागा व्यापायला हवी. पण खाली हवा अकरा अंशांनी उबदार, म्हणून प्रत्यक्षात ८४५ च्या जवळ. परत आल्यावर बाटली पाण्याच्या बादलीत बुडवून, तोंड खाली ठेवून बूच उघडावे. जेवढे पाणी आत शिरेल तेवढी हवा डोंगरावरच राहिली. गाडीची शेवटची फेरी मात्र चुकवू नये. वेळापत्रक ऋतूप्रमाणे बदलते, आणि वर्षातून काही दिवस पाळणे देखभालीसाठी बंदही असतात.