तळणाच्या तेलाचे डिझेल: लातूर-नांदेडचा हिशेब

तळून उरलेल्या तेलाचे डिझेल होते, ही गोष्ट आता नवी राहिलेली नाही. ते परवडते का आणि त्याने हवेचे खरोखर भले होते का, हे मात्र प्रत्येक भागाने आपापल्या आकड्यांवर तपासावे लागते. लातूर-नांदेडच्या रानात सोयाबीन पिकते, लातूर परिसरातल्या सॉल्व्हंट प्लांटांत त्याचे तेल निघते आणि ते इथल्याच कढयांत जाते. शिकवणी वर्गांसाठी आलेल्या मुलांच्या मेस, बसस्थानकाभोवतीचे भज्यांचे गाडे, फरसाणाच्या भट्ट्या, सगळीकडे तळण अखंड चालू असते. माझे म्हणणे असे, की या इंधनाचे बरेवाईट कारखान्यातले रसायन ठरवत नाही. वापरलेले तेल कढईतून कोणत्या भावाने निघते आणि कोणाच्या हाती पडते, यावर ते ठरते.

प्रक्रियेच्या वाटा दोन. तेलात मिथेनॉल आणि अल्कली घातली की बायोडिझेल होते आणि ग्लिसरीन वेगळे निघते. हे लहान कारखान्यातही जमते. दुसऱ्या वाटेत ३०० अंशांच्या वर, प्रचंड दाबाखाली तेलावर हायड्रोजन सोडतात आणि थेट खनिज डिझेलसारखे इंधन मिळते. फिनलंडच्या नेस्टे कंपनीने पोर्व्हो, सिंगापूर आणि रॉटरडॅम इथे हे मोठ्या प्रमाणावर केले.

दुसऱ्या वाटेवरचा मुख्य आक्षेप हायड्रोजनचा आहे, आणि तो रास्त आहे. हा वायू बहुतेक ठिकाणी नैसर्गिक वायूपासून काढतात आणि एका किलोमागे सुमारे दहा किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. शंभर किलो तेलाला साधारण साडेतीन ते चार किलो हायड्रोजन लागतो. सोयाबीन तेल पामतेलापेक्षा अधिक असंतृप्त असल्याने त्याला थोडा जास्तच. म्हणजे पस्तीस-चाळीस किलोंचा भार झाला. पण त्यातून मिळणारे ऐंशीएक किलो इंधन जे खनिज डिझेल वाचवते, ते जळताना अडीचशे किलोंच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सोडते. दूरच्या कारखान्यापर्यंतच्या वाहतुकीचेही तसेच. लातूरहून मुंबईला वीस हजार लिटरचा टँकर नेऊन रिकामा परत आणायला हजार किलोमीटर धरले, तरी अडीचशे लिटर डिझेल जळेल, नेलेल्या तेलाच्या सव्वा टक्का. युरोपीय संघाच्या नियमावलीत वापरलेल्या तेलाच्या इंधनाला ८० टक्क्यांहून जास्त कार्बन-बचत मान्य आहे, ती उगाच नव्हे. तेल खरेच टाकाऊ होते, एवढे मात्र त्यात गृहीत धरलेले असते.

आणि आपल्याकडे ते टाकाऊ नसते, पुन्हा खाण्यासाठी विकले जाते, हीच खरी अडचण. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून तळणाच्या तेलातल्या ध्रुवीय संयुगांची मर्यादा २५ टक्के ठरवली. पुन्हापुन्हा तापवल्याने ही घातक संयुगे साठत जातात. त्याच वर्षी १० ऑगस्टला वापरलेले तेल इंधनाकडे वळवणारी ‘रुको’ योजना सुरू झाली. २०१९ मध्ये सरकारी तेल कंपन्यांनी अशा बायोडिझेलला पहिल्या वर्षी लिटरमागे ५१ रुपये भाव देऊ केला. त्या भावाने हिशेब मांडू. सरकारी अंदाज असा, की देशभरातल्या मोठ्या ग्राहकांकडून वर्षाला १४० कोटी लिटर वापरलेले तेल मिळेल आणि त्याचे ११० कोटी लिटर बायोडिझेल होईल. म्हणजे एका लिटर बायोडिझेलला सव्वा लिटरहून थोडे जास्त तेल लागते. समजा, गाड्यावाल्याला लिटरला ३५ रुपये दिले. तेलाचेच साडेचव्वेचाळीस रुपये झाले. उरलेल्या साडेसहा रुपयांत टेम्पो, मजूर, गाळणी, मिथेनॉल, वीज आणि व्याज बसवायचे. शिवाय काळे पडलेल्या तेलात आम्ल वाढलेले असते. तसेच अल्कलीत टाकले तर त्याचा साबण होतो, म्हणून आधी आम्लाची वेगळी प्रक्रिया करावी लागते. तिकडे हेच तेल गाळून पुन्हा खाण्यासाठी विकणाऱ्याला यातले बरेचसे लागत नाही, म्हणून तो चार रुपये जास्त देऊ शकतो. त्या चार रुपयांची किंमत तळलेले खाणाऱ्याचे शरीर मोजते. ती धरली तर इंधनाचा मार्ग महाग नाही, असे मी ठामपणे म्हणेन.

साबणाच्या कारखान्यांचा आक्षेप वेगळा आणि वजनदार आहे. खाद्यतेलाच्या रिफायनरीत उरणाऱ्या साबणासारख्या गाळापासून, म्हणजे सोपस्टॉकपासून, निघणारे ॲसिड ऑइल पूर्वीपासून साबणाला जाते. ते डिझेलने पळवले, तर साबणवाला आयात पामतेल घेईल आणि कार्बनची बचत कागदावरच राहील. म्हणून माझ्या मते ॲसिड ऑइलला हात लावू नये, लक्ष कढईवरच ठेवावे. ताजे तेल ‘वापरलेले’ म्हणून खपवण्याची भीतीही खरी आहे. खाद्यतेलाची निम्म्याहून जास्त गरज आयातीवर भागवणाऱ्या देशात तसे घडणे दुहेरी नुकसानीचे.

कारखाना इथे काढावा का? १४० कोटी लिटर म्हणजे माणशी सुमारे एक लिटर. २०११ च्या जनगणनेत दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या सुमारे ५८ लाख होती. सगळेच तेल हाती आले असे धरले, तरी रोजचे सोळा हजार लिटर, एक टँकरही भरत नाही. हायड्रोजनचा प्रकल्प एवढ्यावर चालणार नाही. बायोडिझेलचा लहान प्रकल्प चालेल. पण सध्या हिशेब ठेवण्याची सक्ती रोज ५० लिटरहून जास्त तेल वापरणाऱ्यांनाच आहे, आणि आपले बहुतेक गाडे त्या रेषेखाली राहतात. त्यांच्यापर्यंत वेगळा टेम्पो पाठवणे परवडत नाही. मात्र तेलाचा १५ किलोचा डबा पोचवणाऱ्या व्यापाऱ्याची गाडी त्यांच्या दारात येतेच आणि रिकामी परतते. तिनेच जुने तेल मोजून घ्यावे आणि नव्या डब्याच्या बिलातून तेवढी रक्कम वजा करावी. व्यापारीच ते पुन्हा बाजारात सोडेल, ही शंका येईल. तिला उत्तर जुनेच आहे: रेशनच्या रॉकेलला निळा रंग दिला जायचा, तसा रंग या तेलात दारातच, गाड्यावाल्यासमोर मिसळावा.