उशी, कूस आणि भोवळ

बंगळुरातील जयनगर ही १९४८ साली वसविण्यास आरंभ झालेली, रुंद रस्त्यांची आणि गर्द झाडांची वसाहत. तेथील एखाद्या मराठी घरातील पहाट डोळ्यांसमोर आणावी. आजी झोपेतच उजव्या कुशीवर वळतात आणि एकाएकी सारी खोली त्यांच्याभोवती गरगर फिरू लागते. त्या उशी घट्ट धरून डोळे मिटून घेतात. अर्ध्या मिनिटात सारे शांत होते; पण मनात बसलेली भीती काही जात नाही. मुलगा म्हणतो, "आई, रक्तदाब वाढला असेल." सून म्हणते, "आई, ही नवी उशीच फार उंच आहे." शेजारीण मानेच्या मणक्याला दोष देते. आणि आजी त्या दिवसापासून अंथरुणावर पाठ टेकण्याचे सोडून आरामखुर्चीत बसून रात्र काढू लागतात.

दोष खरोखर उशीचा आहे काय?

आपल्या कानाच्या आतील भागात तोल सांभाळणारे एक नाजूक यंत्र आहे. त्यात द्रवाने भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात व त्यांच्या लगतच्या पिशवीत चुन्याचे अतिसूक्ष्म स्फटिक असतात. वयोमानाने, डोक्यास मार लागल्याने किंवा पुष्कळदा कोणत्याही उघड कारणावाचून हे कण सुटून नलिकेत शिरतात. मग कूस बदलताना, उठताना किंवा वरच्या फळीवरील डबा काढण्यासाठी मान वर करताना ते घरंगळतात, द्रव हलतो आणि मेंदूस चुकीची वार्ता पोहोचते. शरीर स्थिर असूनही जग फिरते. ही भोवळ बहुधा एका मिनिटाच्या आत थांबते. पन्नाशीनंतर, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत, हा विकार अधिक आढळतो.

नोबेल पारितोषिक मिळालेले वैद्य रॉबर्ट बारानी ह्यांनी १९२१ साली ह्या विकाराचे वर्णन केले. मार्गारेट डिक्स व चार्ल्स हॉलपाइक ह्यांनी १९५२ साली तो ओळखण्याची कसोटी सांगितली. रुग्णास विशिष्ट रीतीने आडवे करून डॉक्टर त्याच्या बुबुळांची झटकेदार हालचाल पाहतात व कोणत्या कानात बिघाड आहे ते ठरवितात. अमेरिकेतील डॉ. जॉन एप्ली ह्यांनी १९९२ साली प्रसिद्ध केलेली पद्धत तर अगदीच साधी आहे. डोके क्रमाक्रमाने वळवून ते कण नलिकेबाहेर काढावयाचे, एवढेच. त्यास काही मिनिटे लागतात. शस्त्रक्रिया नको, महिनोन्‌महिने गोळ्याही नकोत. मात्र ही क्रिया प्रथम जाणकाराकडूनच करून घ्यावी.

मग उशीचे काय? उशीमुळे हे कण सुटतात, असे म्हणता येत नाही. रुग्ण बहुधा ज्या कुशीवर निजतो त्याच बाजूचा कान अधिक वेळा बाधित असल्याचे काही अभ्यासांत आढळले आहे. तरी त्यावरून कूस हेच कारण ठरत नाही. उपचारानंतर एकदोन रात्री डोके उंच ठेवावे, बाधित कुशीवर निजू नये, असे काही डॉक्टर सांगतात; प्रत्येकास त्याची गरज असतेच असे नाही. कायम दोन उशा घेण्याची सवय मात्र मानेस जाचते.

उशी निवडताना एकच गोष्ट पाहावी: मान पाठीच्या रेषेत राहते की नाही. उताणे निजणाऱ्यास पातळ उशी पुरते. कुशीवर निजणाऱ्यास कान व खांदा ह्यांमधील अंतर भरून काढील इतकी जाड हवी. पालथे निजल्यास मान रात्रभर पिळलेली राहते, म्हणून ती सवय टाळावी. लालबागेतील सावरीचा विशाल जुना वृक्ष पाहताना, त्याच जातीच्या झाडांचा मऊ कापूस दक्षिणेत उशांत भरतात हे ध्यानी येते. असा कापूस असो वा साधा, त्याच्या गाठी झाल्या की उशी उन्हात टाकावी, गरज पडल्यास कापूस पिंजून घ्यावा.

उठण्याची रीतही महत्त्वाची आहे. प्रथम कुशीवर वळावे, मग पाय खाली सोडून पलंगाच्या कडेवर मिनिट-दोन मिनिटे बसावे आणि नंतरच उभे राहावे. उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर तो कानाचा नव्हे, रक्तदाब एकदम उतरल्याचा प्रकार असू शकतो; तेव्हा रक्तदाब तपासून घ्यावा. वृद्धांच्या खोलीत रात्री मंद दिवा ठेवावा. भोवळ स्वतः क्वचितच घात करते. घात करते ते पडणे.

परंतु भोवळीबरोबर बोलणे अडखळणे, एकाची दोन दिसणे, हातपाय लुळे पडणे, अचानक ऐकू न येणे, तीव्र डोकेदुखी किंवा मुळीच चालता न येणे ह्यांपैकी काही झाल्यास क्षणाचाही विलंब न करता रुग्णालय गाठावे. जयनगरापासून जवळच, होसूर रस्त्यावर, मेंदू व मज्जासंस्थेच्या विकारांसाठी १९७४ साली स्थापन झालेली निम्हान्स ही राष्ट्रीय संस्था आहे. नित्याच्या, क्षणभराच्या भोवळीसाठी मात्र कान-नाक-घशाच्या तज्ज्ञाकडे जाणे पुरेसे असते.

हा विकार पुन्हा उद्भवू शकतो, आणि पुन्हा बराही होतो. म्हणून आजींना आरामखुर्चीत एकटे बसू देऊ नये. भोवळ केव्हा, कोणत्या कुशीवर आणि किती वेळ आली एवढे कागदावर टिपून त्यांना तपासणीस न्यावे. उशी बदलण्यापूर्वी निदान करून घेणे, हाच खरा उपाय होय.